काळी साय

काळ्या सायीचा वास एकदा नाकात बसला की दोन दिवस हलत नाही. नासलेली अंडी, ओहोटीनंतर उघडा पडलेला खाडीचा चिखल आणि बंद खोलीत कुजलेलं पोतेरं, असं सगळं एकत्र कुटून नाकाखाली धरावं तसा तो वास. सुगंधा कुबल सात वर्षं त्या वासात नोकरी करत होती. लोक म्हणायचे, सवय होते. तिला झाली नव्हती. घरी गेल्यावर ती आधी आंघोळ करायची, मग जेवायला बसायची, आणि तरीही भाताचा पहिला घास ती श्वास रोखून गिळायची.

काम तसं साधं. जिल्ह्याच्या बांधकाम तपासणी कक्षात ती तपासनीस होती. ज्याच्या पोटात लोखंड आहे असं सरकारी बांधकाम, मग ती पाण्याची टाकी असो, पूल असो की धक्का, वर्षातून एकदा तिने तपासायचं आणि सही करायची. हातात एक यंत्र. त्याचं खरं नाव लोहदर्शक, पण ते दिसायचं इस्त्रीसारखं आणि खांबावरून फिरवायचंही इस्त्रीसारखंच, म्हणून सगळे त्याला इस्त्री म्हणत. खांबाच्या आत मुळात जितकं लोखंड घातलं होतं त्यातलं किती टक्के शिल्लक आहे, ते इस्त्री पडद्यावर दाखवायची. ऐंशीच्या वर हिरवं, साठच्या खाली लाल.

लोखंड आणि गंज यांच्यातला फरक शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतो. लोखंडाला चुंबक चिकटतं, तांबड्या गंजाला चिकटत नाही. याचं कारण असं, की लोखंडाचा प्रत्येक अणू म्हणजे एक इवलंसं चुंबक असतं. लोखंडात हे शेजारी एकाच दिशेला तोंड करून उभे राहू शकतात, म्हणून त्यांचा जोर एकवटतो. पाणी आणि प्राणवायू आत शिरले की लोखंडाचा गंज होतो, आणि गंजात शेजारी शेजाऱ्याकडे पाठ फिरवतो. एकाचा जोर दुसरा मारतो आणि बेरीज जवळजवळ शून्य येते. इस्त्री बाहेरून एक हलकंसं चुंबकीय क्षेत्र आत सोडायची आणि आतली सळई ते किती ओढून घेते ते मोजायची. ओढलं तर लोखंड, नाही ओढलं तर गंज. सिमेंट न फोडता पोटातलं कळायचं. इस्त्री आली तेव्हा सुगंधाला तिचं फार कौतुक वाटलं होतं, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

२०४१ सालच्या मे महिन्यात एका सकाळी ती शिरवेळला निघाली. शिरवेळ तिचं माहेर. तिथल्या टाकीची तपासणी तिने फेब्रुवारीतच उरकली होती. आज बोलावणं आलं होतं ते टाकीवरच्या पाणीवाल्याचं. इब्राहीम सोलकर. वयाने साठीचा, तीस वर्षं गावाला पाणी सोडणारा माणूस. फोनवर तो धड काही सांगेना, नुसता हसत होता, आणि एकदा येऊन बघून जा म्हणत होता. निघताना सुगंधाने थोरल्या भावालाही फोन केला, की दुपारी जेवायला येते. दादाने विचारलं, कशाने येतेस. जीपने, ती म्हणाली. तो जरा थांबला आणि म्हणाला, "सावकाश ये गो."

टाकी गावाच्या तोंडाशी, बंदराला लागून. आठ खांब, वर तीन लाख लिटर पाणी, म्हणजे तीनशे टन ओझं. सावली चांगली म्हणून खाली रोज चार वाजता मासळीचा लिलाव बसायचा. दीड-दोनशे माणसं, त्यात बायकाच जास्त. टाकी छत्तीस वर्षांची आणि समुद्र हाकेच्या अंतरावर, पण खांबांवर निळा रंग असा ताजा की कालच बांधल्यासारखी दिसावी. तो रंग दादाच्या माणसांनी दिला होता.

इब्राहीम दुपारचा नमाज याच सावलीत चटई टाकून पढायचा. किबल्याची, म्हणजे मक्केची दिशा त्याला सूर्यावरून पाठ होती, तरी नातवाने मोबाईलवर होकायंत्राचा काटा घालून दिला होता म्हणून तो हौसेने बघायचा. पूर्वी इथे तो काटा थोडा डगमगायचा, कारण आत लोखंड. हल्ली मात्र भलतंच व्हायला लागलं होतं.

"बाय, हो मोबाईल बघ," तो म्हणाला. "मक्का सोडून तिसऱ्या खांबाकडे त्वांड करता."

सुगंधाने मोबाईल हातात घेतला आणि ती खांबाभोवती एक फेरी मारून आली. काटा खांबाला चिकटल्यासारखा तिच्याबरोबर फिरला. तीही हसली. मग तिचं हसू हळूहळू ओसरलं, कारण आत नुसती सळई असेल तर काट्याने एवढी निष्ठा दाखवायचं काही कारण नव्हतं. सळई चुंबकाला ओढते, स्वतः चुंबक होऊन बसत नाही. तिने इस्त्री काढून तिसऱ्या खांबावरून फिरवली. शंभर टक्के, सुस्थितीत. दुसरा खांब, शंभर. आठही खांब शंभर.

फेब्रुवारीतही हेच आकडे आले होते आणि तिने सही केली होती. आज पहिल्यांदा तिला त्या आकड्याची किळस आली. दुकानदाराच्या गोदामातली नवीकोरी सळईसुद्धा खाऱ्या हवेत शंभर राहत नाही, आणि ही छत्तीस वर्षांची.

आता सायीबद्दल सांगायला हवं. साय म्हणजे जिवाणूंचा लगदा. भातखाचरांच्या आणि खाडीच्या चिखलात, जिथे हवा पोचत नाही, तिथे काही जिवाणू गंजावर श्वास घेतात. आपण प्राणवायू घेतो, ते गंज घेतात. त्या श्वासोच्छ्वासात तांबडा गंज बदलून काळा होतो, त्याचा मॅग्नेटाइट बनतो. जुने लोक ज्याला चुंबकदगड म्हणत, तोच. दहा वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत या जिवाणूंची एक खादाड जात तयार झाली. खांबाला बारीक भोकं पाडायची, सुईने लगदा आत सोडायचा, भोकं बुजवायची. महिनाभरात सळईवरच्या गंजाच्या पापुद्र्याची घट्ट काळी साय होते आणि आतलं लोखंड वाचतं. कोकणाला तर हे वरदानच वाटलं. सळया काढून नव्या घालायच्या म्हणजे बांधकाम आठ-दहा महिने बंद. साय सोडायला चार दिवस. शिरवेळ आणि आसपासच्या पट्ट्यातलं हे काम सुगंधाच्या दादाकडे होतं, मनोहरकडे. त्याने इतकी कामं केली की लोक त्याला साय-मनोहर म्हणू लागले, आणि त्याला ते आवडायचं.

पापुद्रा पातळ असेल तर साय उत्तम. पण आतली सळई सगळीच गंजून गेली असेल तर साय धरायची कशावर, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. सुगंधानेही नाही.

ती जीपमध्ये जाऊन बसली आणि तिने इस्त्रीच्या पोटातले कच्चे आकडे उघडले. पडद्यावर येण्याआधी यंत्र जे मोजतं ते. पहिला खांब एकशे नऊ. दुसरा एकशे चौदा. तिसरा एकशे एकतीस.

घातलं त्यापेक्षा जास्त लोखंड कुठल्याही खांबात असू शकत नाही. सुगंधाला मात्र हे आकडे अनोळखी नव्हते. दोन वर्षांपूर्वी एका धक्क्यावर पहिल्यांदा एकशे चार आला होता. कक्षात हसाहशी झाली, लोखंड व्यायलं म्हणून. तेव्हा तिनेच इस्त्रीच्या कंपनीला पत्र लिहिलं होतं: शंभराच्या वरचे आकडे शंभर म्हणूनच दाखवावेत, नाहीतर लोकांचा यंत्रावरचा विश्वास उडेल. कंपनीने ते तत्परतेने केलं. त्याच पत्रात तिने आणखी एक सुचवलं होतं. जुन्या तपासणीत खांबावर हातोडी मारून आवाज ऐकायची पद्धत होती. आता इस्त्री असल्यामुळे ती कालबाह्य झाली आहे, ती नियमांतून काढावी. तीही काढली गेली. त्या पत्राबद्दल वरिष्ठांनी तिची पाठ थोपटली होती.

हातोडी जीपच्या डिकीत, जुन्या टायरखाली होती. खालची मूठ घामाने काळी झालेली. तिने ती काढली आणि पहिल्या खांबावर मारली. आवाज बरा होता, जरा जड. तिसऱ्या खांबावर मारली आणि हात तसाच थांबला. फणस पिकला का ते बघायला आपण बोटांनी वाजवतो, आणि पिकला असेल तर आतून जो भद आवाज येतो, अगदी तसा आवाज आला.

 इब्राहीमने जाऊन छिन्नी आणली.

निळा रंग, त्याखाली दादाच्या माणसांनी केलेला गिलावा, आणि त्याखाली वीतभर भेग. गंज फुगतो, लोखंडाच्या दुपटी-तिपटीने जागा मागतो. सिमेंट कधीच आतून फुटलं होतं, वर नुसतं झाकण होतं. चार घावांत कवच निघालं आणि आतून ओघळ सुटला. काळा, चिकट, गरम. वास असा आला की इब्राहीमने पंचा नाकाला लावला आणि सुगंधा बाजूला जाऊन सकाळचा चहा ओकून आली. तोंड पुसून ती परत आली, तेव्हा बोटांना सायीचा लेप लागलेला होता आणि नखांच्या फटी काळ्या झाल्या होत्या.

इस्त्रीच्या पेटीत एक साधं चुंबक असतं, यंत्राचा काटा जुळवून घ्यायला. तिने ते त्या भोकात धरलं. चुंबक ठक्कन चिकटलं. क्षणभर तिला बरं वाटलं, की आत काहीतरी आहे. मग तिने चुंबक मागे ओढलं आणि सळई चुंबकाबरोबर बाहेर आली. सगळीच. करंजीच्या सारणासारखी. चुंबकाला हातभर लांब काळी दाढी फुटली आणि खांबात नुसतं बोगदा पडल्यासारखं भोक राहिलं.

सुगंधाला आता इस्त्रीची चूक कळली. सगळा गंज काळा झाला की तो चुंबकाच्या बाजूने बोलू लागतो. वर तो फुगून पृष्ठभागाजवळ आलेला असतो, आणि जिवाणूंनी घडवलेले त्याचे कण एकमेकांना धरून रांगेत बसतात, म्हणजे तेच चुंबक होतात. म्हणून शंभर ओलांडून एकशे एकतीस. यंत्राला चुंबकत्व कळत होतं, ताकद कळत नव्हती. जितकं जास्त कुजलेलं, तितका आकडा चांगला. आणि आकडा फारच चांगला येऊ लागला तेव्हा तो झाकायची युक्ती तिनेच शोधून दिली होती.

तिने ती काळी दाढी इब्राहीमच्या प्लास्टिकच्या बादलीत झटकली, आणखी दोन ओंजळी भरल्या, आणि बादलीला इस्त्री लावली. शंभर टक्के, सुस्थितीत. त्याची चित्रफीत काढून तिने कक्षाच्या साहेबांना पाठवली आणि लगेच फोन केला. टाकीला लाल शेरा हवा, आजच रिकामी करायची परवानगी हवी. साहेब नम्र होते. ते म्हणाले, शेरा यंत्र देतं, आपण देत नाही. शंभरावर लाल शेऱ्याचा रकाना उघडतच नाही, तुम्हाला ठाऊक आहे. हातोडी नियमांत नाही. बादलीचं म्हणाल तर बादली आपल्या यादीत नाही. तरी जूनमध्ये समिती पाठवू. मधल्या काळात तुमची फेब्रुवारीची सही आहेच, त्यामुळे काळजी नसावी. तिच्याशी इतक्या प्रेमाने कुणी बऱ्याच दिवसांत बोललं नव्हतं.

दादा आला तो साडेअकराच्या तरीने, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीने. पलीकडच्या काठावर त्याचं काम चालू होतं. मोटरसायकल असूनही गेलं वर्षभर तो खाडी ओलांडायला होडीच धरायचा. गुडघ्यांना पुलावरचे खड्डे सोसत नाहीत, असं वहिनीने सुगंधाला सांगितलं होतं. उतरताना तो कागदातली भजी खात होता. खांबातलं भोक त्याने पाहिलं, आणि खाणं काही थांबवलं नाही.

हा तो भाऊ, ज्याने बाबा गेल्यावर जाळी विणून तिला पदविकेला घातलं होतं. तिच्या पहिल्या नोकरीच्या दिवशी त्याने गावभर पेढे वाटले होते. तिला वाटलं होतं, तो दचकेल. निदान खोटं तरी दचकेल.

"चुंबक धरता मा?" तो म्हणाला. "मग लोखंडच ता."

"दादा, तुका कधीपासून म्हायत होता?"

त्याने एक भजी संपवली. "दुसऱ्या टाकीपासून."

मग तो समजावू लागला. त्याच्या बोलण्यात कुठे लबाडी नव्हती, हेच किळसवाणं होतं. सळया खलास झाल्यात हे त्याला भोकं पाडतानाच कळलं होतं. पण टाकी आठ महिने बंद ठेवा म्हणून सांगितलं असतं तर गावाने त्याला उभं ठेवलं नसतं. साय सोडली, इस्त्रीने शंभर दाखवलं, गावाने हार घातला. खोटं कोण बोललं? तो तर नाही. आता मे महिना, विहिरी आटलेल्या, एकच टाकी. वीस दिवस थांबायला काय हरकत होती?

"पाऊस पडांदे, विहिरी भरांदेत," तो म्हणाला. "मगे तू म्हणशीत तसा करू. आणि सही कोणाची हा, त्याचो विचार कर." एवढं बोलून त्याने तेलकट हात त्याच खांबाला पुसले आणि जेवायला ये म्हणून सांगून तो घराकडे निघाला.

सुगंधा खांबाशी उभी राहिली. बाजूला सावली धरून दोघी-तिघी कोळणी आत्ताच टोपल्या मांडत होत्या, जागा जायला नको म्हणून. त्यांना जाऊन सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या. साय-मनोहराने केलेली टाकी, त्याच्याच बहिणीने सही केलेली. आणि गावाला सांगून टाकी रिकामी करायला गेली असती तर हंडे घेऊन बायका खांबांना वेढा घालून बसल्या असत्या, म्हणजे नको तिथे आणखी गर्दी. तळाचा मोठा वॉल्व्ह उघडावा तर पाणी लिलावाच्या जागेतच येणार.

मग तिला सुचलं ते इतकं सोपं होतं, की तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने इब्राहीमला विचारलं, सगळ्या वाड्यांचे नळ एकदम सोडले तर टाकी किती वेळात उतरेल. तो म्हणाला, लोकांनी भरून घेतलं तर चार तास. भरून घेतील का, असं तिने विचारलं, तेव्हा तो पुन्हा हसला. शिरवेळला उन्हाळ्यात दिवसाला पाऊण तास पाणी यायचं.

"पण तुझी नोकरी जायत, चाचा," ती म्हणाली.

"जांवदे," तो म्हणाला. "टाकयेखाली चटई माझीच असता."

त्याने पंप बंद केला आणि फ्यूज काढून तिच्या हातावर ठेवला. तिने तो पर्समध्ये टाकला. मग त्याने गावाच्या ग्रुपवर निरोप घातला, की आज नळ दिवसभर चालू राहतील, पाहिजे तितकं पाणी भरा. कारण कुणी विचारलं नाही. पिंपं भरली, हंडे भरले, गोधड्या धुवायला निघाल्या, माडांच्या आळ्यांत पाइप सोडले गेले. कुणाच्या अंगणात पोरं नाचत होती. दोघी बायकांनी रस्त्यात सुगंधाला अडवून तोंड भरून आशीर्वाद दिले. माहेरवाशीण मोठ्या जागेवर असली म्हणजे गावाचं भलं होतं, त्या म्हणाल्या. ती मान खाली घालून ते ऐकत राहिली. उद्या याच बायका तिच्या नावाने बोटं मोडणार होत्या.

चार वाजता लिलाव बसला, तेव्हा टाकीत बोटभर पाणी उरलं होतं. साडेचारला नळ फुसफुसले आणि थांबले. इब्राहीमने वर चढून पाहिलं आणि खाली येऊन दोन्ही हात पालथे करून दाखवले. सुगंधा खांबाला टेकून बसली. तिचे हात नाकाजवळ आले आणि तिला वास आला. सायीचा नव्हे, दुसराच, लोखंड हाताळल्यावर येतो तो. खरं म्हणजे लोखंडाला वासच नसतो. आपल्या कातडीवरचं तेल लोखंडाला लागून बिघडतं, आणि तो वास आपण लोखंडाच्या नावावर खपवतो. पदविकेच्या पहिल्या वर्षी हे शिकवलं तेव्हा तिला गंमत वाटली होती.

दादा आला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता. पंप सुरू करायला तो स्वतः आला होता. फ्यूज नाही हे कळल्यावर त्याने इब्राहीमला शिव्या दिल्या आणि मग सुगंधासमोर येऊन उभा राहिला. तिने त्याला इस्त्रीचा पडदा दाखवला. शंभराच्या वर कच्चे आकडे असलेली बांधकामं तिने दुपारभर बसून शोधली होती. त्रेचाळीस. दहा-बारा सोडली तर सगळी त्याचीच. यादी तिने स्वतःच्या त्या जुन्या पत्रासकट वर्तमानपत्रांना, आमदारांना, दिसेल त्याला पाठवली होती. उत्तर कुणाचंच आलं नव्हतं. टाकी पडली नाही म्हणजे बातमी नाही.

दादाने यादीवरून बोट फिरवलं. त्याला राग आला होता, पण बोलला तो थंडपणे.

"टाकयेक नळ होते," तो म्हणाला. "पुलाक नळ खंय असतत?"

यादीत दुसऱ्या ओळीवर शिरवेळ खाडीपूल होता. एकशे सत्तावीस.

 सुगंधा उठली, इस्त्री आणि हातोडी घेतली आणि जीप सुरू केली. पूल गावापासून मैलभरावर. तिथे पोचल्यावर तिने जीप तोंडाशी आडवी लावली, रस्ता पूर्ण अडेल अशी, आणि किल्ली खाडीत फेकून दिली. मग ती चालत पुलावर दहा-बारा पावलं गेली आणि कठड्याला पाठ लावून उभी राहिली.

पाच वाजून दहा मिनिटांची एसटी आली आणि हॉर्न वाजवू लागली. मागे दोन टेंपो, बर्फाची एक गाडी. माणसं उतरली, पुलावर आली, तिच्याभोवती कडं झालं. कंडक्टर तरुण होता आणि वैतागलेला. त्याने विचारलं, मॅडम, पूल बंद असल्याची ऑर्डर आहे का. तिने मोबाईल दाखवला. पुलाच्या नावासमोर हिरवं होतं: शंभर टक्के, सुस्थितीत. खाली तिची सही. कंडक्टरने ते वाचलं आणि लोकांना वाचून दाखवलं, आणि कुणीतरी म्हणालं की बाईला ऊन लागलं असावं. दोघं जण जीप ढकलायला वळले.

तेवढ्यात मागून मोटरसायकल आली. दादा गाड्यांच्या बाजूने पुढे आला, आणि जिथे रस्ता संपून पूल सुरू होतो तिथे, जीपच्या अलीकडे, त्याने पाय टेकला. लोक त्याला ओळखत होते. मनोहरदादा, तुम्हीच सांगा हिला, कुणी म्हणालं.

सुगंधा त्या टेकलेल्या पायाकडे बघत राहिली. वर्षभराची ती होडी, ते गुडघे. आणि सकाळचा फोन. कशाने येतेस हे त्याने विचारलं होतं, जीपने म्हटल्यावर जरा थांबला होता, आणि मग, जीप याच पुलावरून येणार हे ठाऊक असूनही, नुसतं सावकाश ये म्हणाला होता. बारा पावलांवर उभ्या असलेल्या या माणसाची तिला इतकी किळस आली की डोळ्यांत पाणी आलं.

"दादा," तिने हाक मारली. "ह्या पुलाचा काम तूच केलंस मा? हयसर ये. माझ्या बाजूक उभो रव, आणि ह्येंका सांग पूल बरो हा म्हणान. मग मी जातंय."

सगळे त्याच्याकडे वळले. दादाने तोंड उघडलं. त्याने पुलाकडे पाहिलं, पुलावरच्या माणसांकडे पाहिलं, आणि हात मोटरसायकलच्या मुठींवर घट्ट धरून तो तसाच बसून राहिला. खाली ओहोटी लागली होती आणि खांबांच्या पायाशी चिखल उघडा पडत होता. कडं हळूहळू विरळ झालं. एकेक माणूस भराभर पावलं टाकत रस्त्यावर परतला. कंडक्टर सगळ्यांत शेवटी निघाला. दादाच्या शेजारून जाताना तो क्षणभर थबकला, त्याच्या पायाकडे बघितलं, आणि मग शिट्टी काढून ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायला सांगितली.